स्पर्धा परीक्षा थांबवली, आता काम कोणतं? पगार, वाढ आणि आवड यांचा हिशेब

हा लेख एका ठरावीक वाचकासाठी आहे. पदवी झालेली, वय पंचवीस ते तेहतीसच्या मधलं, तीन-चार किंवा जास्त वर्षं अभ्यासिकेत गेलेली, एखाद-दोनदा पूर्व परीक्षा निघालेली, आणि आता ‘बास’ म्हणावंसं वाटतंय. मीही त्याच वाटेने आले. भूगोल घेऊन पदवी, मग नवी पेठेत राहून राज्यसेवेची तयारी, आणि आता पुण्यातच एका खाजगी कंपनीत जीआयएसचं, म्हणजे संगणकावरच्या नकाशांचं काम. जुन्या अभ्यासिकेतलं कुणी ना कुणी अधूनमधून फोन करतं, "ताई, सोडतोय. आता काय करू?" त्या फोनवर जे बोलते ते इथे सविस्तर लिहिलंय.

सल्ले देणारे बहुतेक जण कागदावर तीन रकाने काढायला सांगतात: पगार, वाढ, आवड. प्रत्येक पर्यायाला दहापैकी गुण द्यायचे आणि बेरीज करायची. मला ही पद्धत पटत नाही. पगाराला दोन आणि आवडीला दहा मिळालेल्या कामाची बेरीज कागदावर छान दिसते, पण घरमालक बेरीज घेत नाही. माझ्या मते हे तिन्ही एकदम तोलायचेच नाहीत. आधी पगाराची खालची रेघ मारायची. रेघेखालचं सगळं बाद. उरलेल्यांत वाढ बघायची. आणि आवड कागदावर ठरवायची नाही, काम करून बघून ठरवायची. पुढच्या पायऱ्या याच क्रमाने आहेत.

आधी ही फाईल तयार करा

नोकरी शोधायला लागल्यावर कागद गोळा करू म्हणाल तर ऐन वेळी धावपळ होते. हे आधीच काढून ठेवा:

- दहावी, बारावी आणि पदवीच्या सगळ्या सत्रांच्या गुणपत्रिका. शेवटच्या वर्षाचीच जपून ठेवलेले खूप जण आहेत. कंपन्या सगळ्या मागतात.
- पदवी प्रमाणपत्र. ते आपोआप घरी येत नाही, विद्यापीठाकडे अर्ज करावा लागतो. अर्ज केलाच नसेल तर आज करा.
- आधार, पॅन, बँक खातं. तिन्हींवर आणि दहावीच्या प्रमाणपत्रावर नाव अक्षरशः एकसारखं आहे का बघा. वडिलांचं नाव एकीकडे आहे आणि दुसरीकडे नाही, एवढ्यावरून पीएफचं खातं अडतं. लग्नानंतर नाव बदललं असेल तर राजपत्राची प्रत.
- आधी कुठे नोकरी केली असेल तर पीएफचा यूएएन क्रमांक आणि सोडल्याचं पत्र.
- दिलेल्या परीक्षांची हॉलतिकिटं आणि निकालाच्या पीडीएफ. रिकाम्या वर्षांचा पुरावा म्हणून उपयोगी पडतात. काही कंपन्या मधल्या काळाबद्दल नोटरीचं प्रतिज्ञापत्रही मागतात.
- जात प्रमाणपत्र, नॉन-क्रीमीलेअर, अधिवास. खाजगी नोकरीत यांचं काम नाही, पण पुढे लॉ किंवा बीएडची सीईटी द्यायची झाली तर लागतील. नॉन-क्रीमीलेअरची मुदत संपलीये का तेवढं बघून ठेवा.

एमएस-सीआयटी आणि टंकलेखनाचं प्रमाणपत्र असेल तर जोडा, पण त्याच्या जिवावर खाजगी नोकरी मिळेल असं समजू नका. एक्सेलमध्ये व्हीलुकअप आणि पिव्होट टेबल येतं का, हे विचारतात. येत नसेल तर पंधरा दिवस त्याला द्या.

१. परीक्षेचं काय करायचं ते तारीख घालून ठरवा

राज्य लोकसेवा आयोग तुम्हाला थांबा म्हणणार नाही. खुल्या प्रवर्गाला ३८ आणि मागास प्रवर्गाला ४३ वर्षांपर्यंत अर्ज भरता येतो. म्हणजे थांबायचं कधी हे ठरवण्याचं काम पूर्णपणे तुमचं.

‘नोकरी करता करता देईन’ हे वाक्य जपून बोला. राज्यसेवेची मुख्य परीक्षा २०२५ पासून वर्णनात्मक झाली. उत्तरं लिहिण्याचा सराव लागतो, तो रोज तपासून घ्यावा लागतो, आणि हिंजवडीहून साडेआठला घरी आल्यावर तो होत नाही. गट क च्या परीक्षा नोकरीसोबत जमवणारे माझ्या ओळखीचे आहेत, राज्यसेवा जमवणारे फार थोडे. तेव्हा एक काहीतरी निवडा: परीक्षा पूर्ण थांबवणं, किंवा अमुक महिन्याची अमुक परीक्षा शेवटची आणि त्यानंतर पुस्तकं विकणं. पुस्तकं खरंच विका. रद्दीच्या भावात नको, अप्पा बळवंत चौकात जुन्या पुस्तकांना बरा भाव येतो. नोट्स ज्युनिअरला देऊन टाका. खोलीत पुस्तकांचा ढीग असेपर्यंत मुलाखतीला जाताना मन अर्धं तिथेच राहतं.

२. पगाराची खालची रेघ मारा

अभ्यासिकेतल्या मुलांना खर्चाचा खरा अंदाज नसतो, कारण तो खर्च घरून येतो आणि दर महिन्याला कसाबसा भागतो. वहीत दोन आकडे काढा.

पहिला आकडा जगण्याचा. कॉट बेसिसची जागा किंवा खोलीतला वाटा, मेस, प्रवास, मोबाईल, औषधपाणी, कपडे. नोकरीत कपडे, बूट आणि बाहेरचं खाणं यांचा खर्च विद्यार्थीदशेपेक्षा वाढतो, तोही धरा. दुसरा आकडा देण्याचा. घरी किती पाठवायचे, शैक्षणिक कर्जाचा हप्ता, मित्रांकडून घेतलेले हातउसने, धाकट्या भावाची फी. या दोन्हींची बेरीज, वर दहा टक्के. ही तुमची रेघ. उदाहरणार्थ जगण्याचे १५,०००, देण्याचे ५,००० धरले तर रेघ २२,००० वर. आकडे तुमचे वेगळे असतील, आणि गावाजवळच्या एमआयडीसीत घरून जाऊन-येऊन नोकरी होत असेल तर रेघ बरीच खाली येईल. पुण्याचे २६,००० आणि घरी राहून मिळणारे १८,००० यांत दुसरे जास्त असू शकतात. हे गणित न करता ‘पुण्यातच राहायचं’ असं धरून बसणारे खूप आहेत.

रेघेखालची नोकरी कितीही आवडीची असली तरी घेऊ नका. सहा महिन्यांत उधारी वाढते, चिडचिड वाढते आणि मग त्या आवडीचाच राग यायला लागतो. रेघेच्या वरच्या सगळ्या नोकऱ्या मात्र पगाराच्या बाबतीत सारख्याच समजा. २४ आणि २७ हजारांतल्या फरकावरून निर्णय घेण्याइतका तो फरक मोठा नसतो.

३. सीटीसीचा हिशेब स्वतः करा

रेघेशी तुलना करायची ती हातात पडणाऱ्या पगाराची. ऑफर लेटरवरचा सीटीसी, म्हणजे कंपनीचा तुमच्यावरचा वर्षाचा एकूण खर्च, हा सालासकट तोललेला फणस आहे. एक नमुना घेऊ.

सीटीसी वर्षाला ४,२०,०००. आपण लगेच बाराने भागतो आणि घरी सांगतो, पस्तीस हजार. आता कागद नीट वाचा. त्यातले १० टक्के, म्हणजे ४२,०००, ‘व्हेरिएबल पे’ आहेत. ते वर्षअखेरीस, कामगिरी आणि कंपनीचा नफा बघून मिळतील, कदाचित पूर्ण मिळणारही नाहीत. उरले ३,७८,०००, महिन्याला ३१,५००. मूळ पगार १५,००० धरला तर कंपनीचा पीएफचा वाटा १२ टक्क्यांनी १,८००. तो तुमचाच पैसा, पण आज हातात येत नाही. ग्रॅच्युइटीची तरतूद मूळ पगाराच्या ४.८१ टक्के, साधारण ७२०. ही सर्वसाधारणपणे सलग ५ वर्षं काम केल्यावर मिळते. दोन वर्षांत सोडलंत तर हा आकडा तुमच्यासाठी फक्त कागदावर होता. आरोग्य विम्याचा हप्ता महिन्याला ५०० धरू. हे वजा जाता उरतात साधारण २८,४८०. त्यातून तुमचा पीएफचा वाटा १,८०० आणि व्यवसाय कर २०० कापला जाईल. महाराष्ट्रात हा कर वर्षाला जास्तीत जास्त २,५०० आहे, म्हणून फेब्रुवारीत ३०० कापतात. चूक समजून एचआरशी भांडायला जाऊ नका. हातात येतील साधारण २६,४८०.

घरी पस्तीस सांगितलेले असतात.

या पगारावर आयकराची चिंता करू नका, नव्या करप्रणालीत तो लागत नाही. पण क्लासमध्ये शिकवण्याचं किंवा पेपर तपासण्याचं काम ‘मानधना’वर असेल तर टीडीएस, म्हणजे पैसे देतानाच कापलेला आयकर, जाऊ शकतो. तो परत मिळवायला विवरणपत्र भरावं लागतं. शिवाय तिथे पीएफ नसतो, सुट्टीचे पैसे नसतात. २५,०००चं मानधन आणि २५,०००चा पगार या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

४. वाढ ओळखायची कशी

मुलाखतीत ‘इथे ग्रोथ कशी आहे?’ असं विचारलंत तर ‘खूप छान आहे’ हेच उत्तर मिळेल. त्याऐवजी विचारा, "या पदावर तीन वर्षांपूर्वी जे लागले ते आज काय करतात?" नीट उत्तर आलं नाही तर लिंक्डइनवर त्या कंपनीचं नाव आणि पदाचं नाव टाकून माणसं शोधा. दोघा-तिघांना मराठीतच सभ्यपणे निरोप पाठवा. कुणी ना कुणी उत्तर देतं, आणि गावाचं नाव जुळलं तर फोनसुद्धा करतं.

शोधायचं हे की दोन वर्षांनी तुमच्या हातात असं काय कसब असेल ज्याचे पैसे दुसरी कंपनी देईल. दरवर्षीची पगारवाढ त्यामानाने दुय्यम.

माझ्याच क्षेत्राचं सांगते. जीआयएसमध्ये बहुतेकांची सुरुवात डिजिटायझेशनने होते: स्कॅन केलेल्या नकाशावरच्या हद्दी माउसने गिरवून संगणकात आणायच्या. सुरुवातीचा पगार बेताचा. इथून दोन रस्ते फुटतात. एका टीममध्ये दोन वर्षांनीही तेच गिरवणं चालू असतं, फक्त वेग वाढलेला असतो, आणि त्या वेगाला बाहेर फारसा भाव नाही. दुसऱ्या टीममध्ये गिरवलेलं तपासणं, मग डेटाबेसमध्ये भरणं, मग पायथॉन या संगणकभाषेत छोटी स्क्रिप्ट लिहून तेच काम आपोआप करून घेणं, असा क्रम लागतो. दोन्हीकडे पदाचं नाव एकच, ‘जीआयएस एक्झिक्युटिव्ह’. म्हणून पद बघू नका, तुमच्या वर बसलेला माणूस रोज काय करतो ते बघा.

वकिलीत चित्र उलटं. तीन वर्षांची एलएलबी, आधी राज्याची सीईटी, वयाची वरची मर्यादा नाही, आणि राज्यघटनेचा अभ्यास तुमचा आधीच झालेला. वाढ भरपूर, पण पहिली काही वर्षं हातात फार कमी येतं. बार कौन्सिल ऑफ इंडियाने ऑक्टोबर २०२४ मध्ये ज्युनिअर वकिलांना शहरात किमान २०,००० आणि ग्रामीण भागात १५,००० विद्यावेतन द्यावं असं सुचवलं. ती शिफारस आहे, सक्ती नाही. तालुक्याच्या कोर्टात जाऊन ज्युनिअरना विचारा, खरं काय ते कळेल. अशा क्षेत्रात उतरायचं तर दोन-तीन वर्षं रेघ कोण भरणार हे आधी ठरलेलं हवं. बायको किंवा नवऱ्याची नोकरी, घरची शेती, संध्याकाळचे क्लास, काहीही चालेल. पण नाव घालून.

फील्डच्या नोकऱ्यांत, म्हणजे सूक्ष्म कर्ज, वसुली, विमा, विक्री यांत, भरती लवकर होते आणि इन्सेन्टिव्हमुळे सुरुवातीचा आकडा मोठा दिसतो. या कामाला नावं ठेवणाऱ्यांतली मी नाही. त्यातून शाखा व्यवस्थापक झालेले आहेत. इन्सेन्टिव्ह शून्य धरून पगार रेघेच्या वर राहतो का, आणि पेट्रोलचे पैसे कुणाचे, एवढे दोन प्रश्न मात्र आधी विचारा.

५. आवड तपासा, तीही रटाळ भागावरून

अभ्यासात आवडलेला विषय आणि रोज आठ तास करायचं काम यांत बरंच अंतर असतं. मला भूगोल आवडायचा म्हणजे काय आवडायचं? नद्या, घाट, मान्सून, नकाशावर बोट फिरवत गावं शोधणं. कामाला लागल्यावर समोर आला तो एका गावाचा जुना नकाशा, घडीवर फाटलेला, स्कॅन करताना एका कडेला ताणला गेलेला. त्यावरचे तीन गावांच्या शिवेचे दगड शोधायचे, उपग्रह छायाचित्रात त्या जागा जुळवायच्या, मग गट नंबरांच्या हद्दी एकेक कोपरा क्लिक करत गिरवायच्या. शेजारच्या दोन गटांची रेघ एकच हवी. केसभर फट राहिली किंवा एक गट दुसऱ्यावर चढला की सॉफ्टवेअर लाल खूण दाखवतं. एका गावात अशा शेकडो लाल खुणा निघतात आणि त्या एकेक करून मिटवायच्या. नदी नाही, घाट नाही. माझ्यासोबत लागलेला एक जण महिन्याभरात निघून गेला. तो माझ्यापेक्षा हुशार होता, त्याला ते काम सोसेना एवढंच. मला त्या खुणा मिटवताना वेळेचं भान राहत नाही. हे मला करून बघितल्याशिवाय कळलं नसतं.

तेव्हा प्रत्येक कामाचा सगळ्यात कंटाळवाणा भाग शोधा आणि तो नोकरी घेण्याआधी आठवडाभर करून बघा. बहुतेक वेळा यात पैसे लागत नाहीत.

नकाशांचं काम वाटत असेल तर क्यूजीआयएस हे सॉफ्टवेअर फुकट आहे. महाभूनकाशा या शासनाच्या संकेतस्थळावर आपल्या गावाचा नकाशा बघा आणि उपग्रह चित्रावर दहा-वीस गट गिरवून पाहा. देहरादूनच्या भारतीय सुदूर संवेदन संस्थेचे ऑनलाइन अभ्यासक्रम मोफत आहेत, प्रमाणपत्रही मिळतं.

शिकवायची आवड असेल तर व्याख्यान देऊन बघू नका, ते सगळ्यांनाच आवडतं. कुणा सरांकडून तीस-चाळीस उत्तरपत्रिका मागून घ्या आणि प्रत्येकीवर शेरा लिहून परत करा. वकिलीसाठी ओळखीच्या वकिलांसोबत चार दिवस कोर्टात बसा. युक्तिवाद कमी आणि ‘पुढची तारीख’ जास्त ऐकू येईल. सामाजिक संस्थेत जायचं म्हणता, तर एखाद्या वस्तीत वीस घरांचा सर्वे फॉर्म भरा आणि रात्री तो एक्सेलमध्ये चढवा.

आणि एक प्रश्न एकट्याने, प्रामाणिकपणे. तुम्हाला प्रशासनाचं काम आवडत होतं की अधिकाऱ्याचा रुबाब? गाडीवरचा दिवा तर १ मे २०१७ पासूनच गेला, तरी त्याचं आकर्षण काही जात नाही. रुबाब आवडत असेल तर त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही, पण मग ज्या कामात माणसं तुमचं ऐकतात असं काम शोधा: विक्री, शिकवणं, साइटवरची देखरेख. बंद खोलीत नकाशे गिरवायला येऊ नका.

ज्यांची आवड नाटक, गाणं, लेखन, फोटोग्राफी यांपैकी आहे त्यांनी ती नोकरीच्या कसोटीतून बाहेरच ठेवलेली बरी, निदान पहिली दोन वर्षं. त्यांच्यासाठी नोकरीत बघायचं ते वेळेचं: शनिवार मोकळा का, रात्रपाळी आहे का, घरी यायला किती वाजतात. दोन हजार कमी देणारी पण सहाला सोडणारी नोकरी त्यांना जास्त फळते.

६. कोणत्या वाटा खरंच उघड्या आहेत

थोडक्यात सांगते, कारण यादी प्रत्येकाच्या पदवीनुसार बदलते.

इंजिनिअरिंगची पदवी असेल आणि ती विसरायला झाली असेल तर सीडॅक या सरकारी संगणक संस्थेचे पदव्युत्तर पदविका अभ्यासक्रम आहेत. प्रवेशासाठी सी-कॅट ही परीक्षा. परीक्षा देण्याची सवय आपल्याला आहेच. शिक्षक व्हायचं तर बीएड दोन वर्षं, मग टीईटी (शिक्षक पात्रता परीक्षा) आणि टेट (शिक्षक अभियोग्यता चाचणी); अनुदानित जागांची भरती शासनाच्या पवित्र पोर्टलवरून होते आणि तिची वाट बघणं म्हणजे पुन्हा एक आयोग मागे लावून घेणं, हे लक्षात असू द्या. नोकरी करून दुसरी पदवी हवी असेल तर नाशिकचं यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ आहे. सरकारी योजनांवर काम करणाऱ्या सल्लागार कंपन्या आणि सीएसआरचे, म्हणजे कंपन्यांच्या सामाजिक निधीतले प्रकल्प यांना शासन निर्णय वाचता येणारी माणसं लागतात. जीआर वाचून त्यातली मेख शोधणं हे तुम्हाला सहज जमतं, बाहेर ते दुर्मिळ आहे. नकाशांच्या कामासाठी नागपूरच्या महाराष्ट्र सुदूर संवेदन उपयोजन केंद्राच्या जाहिरातींवर लक्ष ठेवा.

ड्रोनबद्दल हल्ली फार विचारतात. दहावी पास आणि १८ ते ६५ वय असलं की डीजीसीए, म्हणजे नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने मान्यता दिलेल्या संस्थेत प्रशिक्षण घेऊन प्रमाणपत्र मिळतं. पण फी भरण्याआधी त्या संस्थेतून मागच्या वर्षी बाहेर पडलेल्या दोघांना विचारा की काम मिळालं का. उडवणारे बरेच झालेत. उडवून आणलेल्या माहितीचा नकाशा करणारे कमी आहेत.

७. ‘मधली वर्षं काय केलं?’

हा प्रश्न येणारच. मान खाली घालू नका आणि भाषणही देऊ नका. दोन-तीन वाक्यं पुरतात: "चार वर्षं राज्यसेवेची तयारी केली, दोनदा मुख्य परीक्षेपर्यंत गेलो. मार्चमध्ये थांबायचं ठरवलं. त्यानंतर क्यूजीआयएस शिकलो, गावाचा हा नकाशा केलाय." आणि तो नकाशा दाखवायचा. शेवटचं वाक्य सगळ्यात महत्त्वाचं, कारण समोरच्याला भीती असते ती जाहिरात निघाली की तुम्ही पळाल याची. ‘पुन्हा देणार का?’ असं थेट विचारलं तर जे ठरवलंय तेच सांगा.

खोटं अनुभव प्रमाणपत्र देणारे दलाल भेटतील. त्यांच्या वाटेला जाऊ नका. कंपन्या पीएफच्या नोंदीवरून आधीची नोकरी तपासतात. नोंद नसली की ऑफर जाते, कधीकधी रुजू झाल्यावर जाते.

८. ऑफर हातात आल्यावर, सही करण्याआधी

नोकरी देण्यासाठी पैसे मागितले, मग नाव रजिस्ट्रेशन असो, ट्रेनिंग असो वा लॅपटॉपची अनामत, तिथून उठा.

मूळ प्रमाणपत्रं ठेवून घेतो म्हणाले तर नाही म्हणा. दाखवायची, तपासू द्यायची, परत आणायची. पदवीची मूळ प्रत अडकवून ठेवल्यामुळे चांगली संधी सोडावी लागलेल्या मुली मला माहीत आहेत.

बाँड असेल तर मुदत आणि रक्कम दोन्ही वाचा. ‘बाँड कोर्टात टिकत नाही’ असं सर्रास सांगितलं जातं, ते सरसकट खरं नाही. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विजया बँकेच्या प्रकरणात ३ वर्षं किमान सेवा आणि आधी सोडल्यास २ लाख रुपये ही अट वैध धरली. ती सरकारी बँक होती, पद अधिकाऱ्याचं होतं, पुन्हा भरती करण्याचा खर्च न्यायालयाने लक्षात घेतला. तुमच्या वीस हजारांच्या नोकरीला तोच न्याय लागेलच असं नाही, पण ‘काही होत नाही’ या भरवशावर सही करू नका. बाँड एक वर्षाचा आणि खरंच शिकवणार असतील तर मी तो घेईन. तीन वर्षांचा आणि शिकवणं नावापुरतं असेल तर नाही.

नोकरी कुणाच्या पेरोलवर आहे हेही बघा. पाटी मोठ्या कंपनीची आणि पगार देणारा ठेकेदार, असं असतं. तसं असायला हरकत नाही, फक्त कराराची मुदत किती आणि पुढे काय, हे लेखी किंवा निदान ईमेलवर मागा. नोटीस पिरियड तीन महिन्यांचा असेल तर पुढची नोकरी शोधताना तो आडवा येतो. प्रोबेशनमध्ये तो किती आहे ते वेगळं विचारा.

९. घरी सांगताना

बाबांचा पहिला प्रश्न, "मग एवढी वर्षं गेली ती?" आईचा, "शेजारच्यांना काय सांगू?" दोन्हींची उत्तरं आधी तयार ठेवा. नुसतं ‘सोडतोय’ सांगितलंत तर घाबरतात. ‘मार्चची परीक्षा शेवटची, जूनपर्यंत नोकरी, सुरुवातीला पंचवीसच्या आसपास, घरून पैसे बंद’ असं सांगितलंत तर रागावतात, पण ऐकतात. दिवाळीत किंवा लग्नकार्यात विषय काढू नका. काका-मामा असताना तर नाहीच. मुलींना यासोबत स्थळांचा विषय येतो. मी नोकरीचं पहिलं वर्ष पूर्ण होईपर्यंत नाही, एवढंच म्हणत राहिले. वर्ष म्हणजे वर्ष, तारखेसकट. त्यावर वाद घालणं घरच्यांनाही अवघड जातं.

१०. लागल्यानंतरचे सहा महिने

पहिली पगाराची स्लिप आली की ती तिसऱ्या पायरीतल्या हिशेबाशी ताडून बघा. पीएफ पुढच्या महिन्याच्या १५ तारखेपर्यंत भरला जायला हवा. पासबुकमध्ये दिसतो का ते ऑनलाइन बघा आणि त्याच बैठकीत ई-नॉमिनेशन, म्हणजे वारसाची ऑनलाइन नोंद, करून टाका. स्लिपवर कापलाय पण पासबुकात नाही, असं दोन महिने दिसलं तर आधी एचआरला ईमेल करा, फोन नको. उत्तर आलं नाही तर ईपीएफओच्या संकेतस्थळावर तक्रार नोंदवता येते. त्यासाठी स्लिपा जपून ठेवा.

शुक्रवारी संध्याकाळी वहीत एक ओळ लिहा: या आठवड्यात नवीन काय शिकले. सलग सात-आठ आठवडे ती ओळ कोरी राहिली तर वरिष्ठांकडे दुसरं काम मागा. मागूनही मिळालं नाही तर बायोडाटा अद्ययावत करा, पण पुढचं पत्र हातात आल्याशिवाय राजीनामा टाकू नका, आणि आधीच्या कंपनीचं सोडल्याचं पत्र घेतल्याशिवाय बाहेर पडू नका.